पोस्टरच्या मागे काय लिहिले होते?

ऑक्टोबर 2011. ट्युनिस शहराजवळच्या ला गुलेत या बंदराच्या गावात एका भिंतीवर झैनुल आबिदीन बिन अली यांचे भले मोठे पोस्टर लागले. 23 वर्षे राज्य करून हा माणूस त्याच वर्षी 14 जानेवारीला सौदी अरबला पळून गेला होता. लोक थबकले, आपसांत बोलू लागले, मग चिडले. काही जणांनी कडा धरून ओढली आणि पोस्टर खाली आले. त्याच्या मागे दुसरे पोस्टर होते. त्यावर अरबीत इशारा लिहिला होता की हुकूमशाही परत येऊ शकते, 23 ऑक्टोबरला मत द्या.

हे काम एका नागरिक संघटनेने जाहिरात कंपनीच्या मदतीने केले होते. गरजही तशीच होती. सिदी बूझीदच्या फेरीवाल्या मोहम्मद बुअझीझीने स्वतःला पेटवून घेतल्यावर सारा देश रस्त्यावर आला, पण मतदार नोंदणी सुरू झाली तेव्हा प्रतिसाद इतका थंड होता की मुदत वाढवावी लागली. मोर्चात पुढे आणि रांगेत मागे, हे आपल्या मोहल्ल्यांनाही नवे नाही.

त्याआधी मार्च महिन्यात जेआर या फ्रेंच कलावंताने स्थानिक छायाचित्रकारांना सोबत घेऊन शंभर साध्या ट्युनिशियन माणसांचे मोठे फोटो भिंतींवर चिकटवले होते. जिथे वर्षानुवर्षे एकच चेहरा होता, तिथे आता जनतेचे चेहरे. पण काही ठिकाणी लोकांनी तेही फाडले! आम्हाला यात कलेचा अपमान दिसत नाही. भिंतीवरून कोणीही आपल्यावर नजर ठेवू नये असे वाटण्याइतके ते लोक पोळले होते.

आपल्याकडेही निवडणूक आली की भिंती रंगतात, रांगोळ्या निघतात, शाळकरी मुलींची फेरी निघते. त्यात वाईट काही नाही, पण ती नसीहत असते आणि माणूस ऐकून पुढे जातो. ला गुलेतच्या भिंतीने नसीहत केली नाही, तिने लोकांना हात लावायला लावले. मत ही गवाही आहे असे आपले उलमा सांगत आले आहेत, आणि गवाही स्वतःच द्यावी लागते. चित्रांबद्दल ज्यांच्या मनात शंका असते त्यांनी हेही पाहावे की तिथे चेहरा फाटला आणि अक्षरे तेवढी उरली.

23 ऑक्टोबरला मतदान केंद्रांबाहेर लांबच लांब रांगा लागल्या. 217 जणांची घटना समिती निवडली गेली आणि 2014 मध्ये नवी राज्यघटना आली.

पुढचे सांगायला जड जाते. जुलै 2021 मध्ये राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी संसद स्थगित केली आणि नंतर बरखास्तही केली. डिसेंबर 2022 च्या संसदीय निवडणुकीत मतदान झाले जेमतेम अकरा टक्क्यांच्या आसपास. विरोधी पक्षांचा बहिष्कार होता, महागाईने लोक वैतागले होते, कारणे बरीच आहेत. पण पोस्टरवरचा इशारा एकाच निवडणुकीपुरता होता असे आता कोण म्हणेल?

भिंत माणसाला केंद्राच्या दारापर्यंत आणते. आत यादी असते, आणि आपल्या घरांची खरी अडचण तिथेच आहे. सुनेचे नाव माहेरच्या यादीत राहून गेलेले, शेखचे स्पेलिंग ओळखपत्रावर एक आणि आधारवर दुसरे, अठरा वर्षांची झालेली मुलगी कुठेच नाही. नव्या नावासाठी नमुना 6 भरायचा असतो. पत्ता बदलायचा असो की चूक दुरुस्त करायची असो, नमुना 8 लागतो. अठरा वर्षे पूर्ण झाल्याचा हिशेब आता वर्षातून चार तारखांना धरला जातो: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर. अर्ज ऑनलाइन भरता येतो, नाहीतर आपल्या भागाच्या बीएलओकडे द्यावा.