गाडी लागते? आधी जागा बदला

आजचा विषय ऐकायला किरकोळ आहे, पण त्यानं भल्याभल्यांच्या सहलींचा विचका केलेला आहे. विषय आहे गाडी लागण्याचा. कोणी म्हणतं बस लागते, कोणी म्हणतं घाटात मळमळतं. कोकणातली जुनी माणसं मुंबईला आगबोटीनं जायची, तेव्हा त्यांना बोट लागायची. वाहन बदललं, त्रास तोच.

आधी कबुली देतो. मलाही गाडी लागायची. कमिशन मिळून वर्षही झालं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. आसाममधल्या तेजपूरहून अरुणाचलमधल्या तवांगकडे आमचा ताफा निघाला होता. ड्रायव्हरशेजारची सीट सोडून मी मोठ्या उत्साहानं ट्रकच्या मागे जवानांबरोबर बसलो. धूळ येऊ नये म्हणून ताडपत्री खाली सोडलेली, बाक आडवे, आत डिझेलचा वास. भालुकपाँग सोडल्यावर चढण सुरू झाली आणि बोमडिला यायच्या आत माझी पार वाट लागली. नवा लेफ्टनंट जवानांसमोर ओकतोय, या विचारानंच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आमचे सुभेदारसाहेब शांतपणे म्हणाले, "साब, गाड़ी चलाने वाले को कभी उलटी करते देखा है?" मग त्यांनी मला पुढे बसवलं आणि सांगितलं, नजर रस्त्यावर ठेवा, पुढचं वळण शोधत राहा. अर्ध्या तासात मी माणसात आलो. ट्रक तोच, रस्ता तोच, बदलली होती फक्त जागा.

असं का झालं? आपल्या कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारं एक यंत्र आहे. त्यात द्रवानं भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत. डोकं वळलं की त्यांना कळतं. शेजारीच बारीक स्फटिक असलेल्या दोन पिशव्या आहेत. गाडीचा वेग वाढला, ब्रेक लागला, खड्डा आला, हे त्यांना कळतं. आता मागच्या सीटवर मोबाईल बघत बसलेल्या मुलाचा विचार करा. कान सांगतो, आपण डावीकडे वळलो. डोळे सांगतात, काही हललेलं नाही, स्क्रीन तर समोर स्थिर आहे. दोन टेहळणी चौक्यांकडून एकाच वेळी उलटसुलट खबर आल्यावर मुख्यालयाचा जो गोंधळ होतो, तोच मेंदूचा होतो. जांभया, घाम, तोंडाला पाणी सुटणं, मळमळ आणि शेवटी उलटी.

म्हणजे दोष पोटाचा नाही. ज्यांच्या दोन्ही कानांतलं हे तोलाचं यंत्र पूर्ण निकामी झालेलं असतं, त्यांना गाडी लागतच नाही. आणि हा भित्रेपणा तर मुळीच नाही. ब्रिटिश आरमाराचा प्रसिद्ध सेनापती नेल्सन, त्यालाही समुद्र लागायचा. तेव्हा मुलांना "नाटकं करू नकोस" म्हणू नका. साधारण दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास जास्त होतो. गरोदर स्त्रिया आणि अर्धशिशी असणाऱ्यांनाही तो लवकर होतो.

ड्रायव्हरला गाडी का लागत नाही, हेही आता कळेल. त्याचे डोळे रस्त्यावर असतात आणि गाडी कधी वळणार, कधी थांबणार, हे त्याला आधीच ठाऊक असतं. आपले सगळे उपाय याच एका गोष्टीतून निघतात. ज्याला त्रास होतो, त्याला शक्य तितकं ड्रायव्हरसारखं बसवायचं.

पहिली गोष्ट जागेची. कारमध्ये पुढची सीट द्या. लहान मुलं मात्र मागेच, पट्टा लावून, पण समोरचा रस्ता दिसेल अशी. बसमध्ये पुढच्या भागात किंवा दोन चाकांच्या मधे बसा. मागच्या चाकाच्या मागे हेलकावे आणि आपटणं, दोन्ही जास्त. उलट्या तोंडाच्या आणि आडव्या बाकांवर बसू नका.

दुसरी गोष्ट नजरेची. दूरवर रस्त्याकडे किंवा क्षितिजाकडे बघा. खिडकीतून बाजूला पळणारी झाडं बघू नका. घाटात पुस्तक, मोबाईल बंद. डोकं सीटला टेकवून स्थिर ठेवा. फारच होत असेल तर डोळे मिटा. डोळे बंद झाले की भांडणातला एक पक्ष गप्प बसतो. मुलांशी गाण्याच्या भेंड्या खेळा, त्यासाठी खाली बघावं लागत नाही.

तिसरी गोष्ट चालवणाऱ्याची, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. सगळ्यात जास्त मळमळ होते ती हळू, लांब हेलकाव्यांनी, साधारण पाच सेकंदांत एक अशा. म्हणून वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात ब्रेक दाबू नका, बाहेर पडताना हलकेच वेग घ्या. तमिळनाडूत कोल्ली हिल्सच्या रस्त्यावर 70 केसपिनी वळणं आहेत. तिथे ड्रायव्हरनं घाई केली, तर मागच्यांचं काय होत असेल ते बघा. भाड्याच्या गाडीतही "भाऊ, जरा सावकाश" म्हणायला लाजू नका. तासाभरानं पाच-दहा मिनिटं थांबा, खाली उतरा, चार पावलं चाला.

चौथी गोष्ट पोटाची. उपाशी निघू नका आणि घाटाच्या पायथ्याशी मिसळ-वडे चापून वर चढू नका. इडली, कोरडी पोळी, खाकरा असं हलकं खा. आलेपाकाची वडी बरोबर ठेवा. आल्यानं बऱ्याच जणांना बरं वाटतं आणि अपाय सहसा नाही. गाडीतलं उग्र अत्तर काढून टाका, काच थोडी उघडा. सीटवर वर्तमानपत्र घालून बसायची पद्धत घरोघरी आहे. त्याचा कानाशी काही संबंध नाही, पण मनाला धीर येत असेल तर बसा.

आता गोळ्या. प्रोमेथाझिनसारखी गोळी उपयोगी पडते, पण प्रवासाच्या आधी. लांबच्या प्रवासासाठी आदल्या रात्री, नाहीतर निघण्याच्या एक-दोन तास आधी. मळमळ सुरू झाली की पोटाचं काम मंदावतं, मग गोळी नीट शोषली जात नाही. तिनं झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्यानं ती घ्यायची नाही, आणि तिच्यासोबत दारू तर नाहीच. दोन वर्षांखालच्या बाळाला देऊ नये. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल, गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आता शेवटचा मुद्दा, आणि हा नीट वाचा. प्रत्येक उलटी म्हणजे गाडी लागणं नव्हे.

लडाखमध्ये माझ्या हाताखालचा एक जवान रजेवरून रस्त्यानं परतला. वाटेत त्याला उलट्या झाल्या होत्या. मी म्हणालो, गाडी लागली असेल, झोपू दे. संध्याकाळी आमच्या नर्सिंग असिस्टंटनं त्याला टाचेला बोट लावत सरळ रेषेत चालायला सांगितलं. तो झोकांड्या खाऊ लागला. डोकं तर दुपारपासून ठणकत होतं, पण तो बोलला नव्हता. हा उंचीचा आजार होता, मेंदूला सूज यायला लागली होती. ऑक्सिजन लावून त्याच रात्री त्याला खाली हलवलं आणि तो वाचला. माझं निदान चुकलं होतं. सकाळपर्यंत थांबलो असतो तर काय झालं असतं, हा विचार आजही मनातून जात नाही.

आज आपली माणसं पुण्याहून, इंदूरहून, बडोद्याहून, हैदराबादहून थेट लेहला किंवा सेलाकडे जातात. लेह साडेअकरा हजार फुटांवर आहे, सेला खिंड सुमारे 13,700 फुटांवर. म्हणून फरक लक्षात ठेवा. गाडी लागली असेल तर गाडी थांबल्यावर तास-दोन तासांत माणूस सावरू लागतो. आठ हजार फुटांच्या वर डोकेदुखी आणि मळमळ थांबल्यावरही टिकली, तर तो उंचीचा आजार समजा आणि आणखी वर जाऊ नका. तोल जाणं, असंबद्ध बोलणं, बसल्या जागी धाप लागणं, यातलं काही दिसलं तर वाट बघू नका, ताबडतोब खाली उतरवा.

सपाटीवरही सावध राहा. उतारवयातल्या माणसाला घाम, मळमळ आणि छातीत दाब असेल, तर तो हृदयविकार असू शकतो, सरळ दवाखाना गाठा. आणि बंद गाडीत सगळ्यांचंच एकदम डोकं दुखून मळमळू लागलं, तर धूर आत येत असेल. गाडी थांबवा, सगळ्यांना मोकळ्या हवेत काढा.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी घाट लागण्याआधीच सीट बदला. आणि कोणाला उलटी झाली, तर पाण्याची बाटली देऊन मोकळे होऊ नका. तासाभरानं पुन्हा विचारा, "आता कसं वाटतंय?" त्या जवानाला मी एवढंच विचारायला हवं होतं.

जय हिंद.