पुश्तू काव्यातील समीक्षेचा आरंभ

पुश्तू समीक्षेचा उगम शास्त्रग्रंथांत नव्हे, तर काव्यातच शोधावा लागतो. खुशालखान खटक (१६१३-१६८९) याने आपल्या कवितेत मिर्झाखान अन्सारी, अर्झानी, दौलत या पूर्वसूरींचा नामोल्लेख करून त्यांची रचना सदोष ठरविली. हा मानदंड फारसी काव्यशास्त्राचा होता. फारसी वृत्ते लघुगुरूंवर आधारलेली आहेत. पुश्तू छंद मात्र आघात व अक्षरसंख्या यांवर चालतो आणि खुद्द खुशालखानाची रचनाही त्यास अपवाद नाही. शिवाय हे पूर्वसूरी मोगलांशी झगडलेल्या रोशनिया पंथाचे, तर खटक घराणे अकबराच्या काळापासून मोगलांच्या सेवेतले. सबब हा निवाडा निखळ वाङ्‌मयीन मानता येत नाही. तथापि कवीची पारख रचनेच्या गुणदोषांवरून करावी, हे तत्त्व त्यात स्पष्टपणे प्रकटले, हेच त्याचे महत्त्व होय.