भीड भिकेची बहीण!

मैत्रिणींनो, संध्याकाळी शहागंजच्या भाजीबाजारात आपलंच रूप पाहा. हातात जड पिशवी, एक नजर घड्याळाच्या मनोऱ्याकडे, आणि तोंडाने, "छे बाई, या भावाने मेथी नको!" भाजीवाली रागवत नाही, आपणही पुन्हा तिच्याकडेच जातो. इतका स्वच्छ नकार देणाऱ्या आपण, पण कामाच्या ठिकाणी कुणी "एवढं कराल ना?" म्हटलं की मान आपोआप डोलते. असं का बरं?

मी एका शाळेत तासावर शिकवते. मागे परीक्षेच्या वेळी रजेवरच्या बाईंचे गठ्ठेही माझ्याकडे आले. माझे स्वतःचे पेपर पडलेले, त्यात धाकट्याला ताप. तरी "हो" म्हणून बसले. नाही म्हटलं तर पुढे तास मिळतील का, ही धास्ती! रात्री ओटा आवरून पेंगत पेंगत पेपर तपासले. निकालानंतर एक मुलगी डोळे पुसत आली. गणितात नापास! पेपर काढून पाहिला, तर शेवटच्या पानावरचे दहा गुण बेरजेत धरलेलेच नव्हते. चूक दुरुस्त झाली. पण मधल्या चार दिवसांत तिच्या घरी शाळा सोडवण्याची भाषा झाली होती. माझ्या भिडेची किंमत त्या पोरीने मोजली.

पुढच्या वेळी मी "जमणार नाही" म्हटलं. खोटं कशाला सांगू, त्या सत्रात माझे दोन तास कमी झाले. महिनाअखेर ओढ लागली. पण पेपर मात्र जागेपणी तपासले गेले.

दुर्गाबाई भागवतांची आठवण होते. १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी आणीबाणीला विरोध केला, १९७६ साली तुरुंगवास सोसला, आणि पुढे सरकारी सन्मानही नाकारले. आपल्याला काही तुरुंगात जायचं नाही. एक जादा गठ्ठा परत करायचा आहे, इतकंच!

नोकरी असो, शिकवणी असो, की घरबसल्या शिवणकाम, काही गोष्टी ध्यानात ठेवा. नकार लगेच द्या. आठ दिवस "बघते" म्हणून लटकवलंत तर समोरच्याची जास्त अडचण होते. सासूबाईंच्या आजारपणाची थाप मारू नका. खरं कारण एकच आणि थोडक्यात सांगा. जमेल तेवढं मात्र आपण होऊन सांगा: "दिवाळीपूर्वी चार ब्लाउज होतील, दहा नाही." आणि जादा काम घेतलंच, तर त्याचे पैसे आधी ठरवा. शेजारणीचं काम असलं तरीसुद्धा!

प्रत्येक कामाला नाही म्हणा, असं मी सांगत नाही. अडीनडीला धावून जावंच. पण जे काम आपल्या हातून धड होणार नाही, ते घेणं हा चांगुलपणा नव्हे. मेथीच्या जुडीसाठी जो शब्द सहज ओठांवर येतो, तो आपल्या कामासाठीही येऊ द्या की!