शांतिसेना आणि तडजोड : सिनाईचा दाखला



दीर्घकाळ चिघळलेला प्रादेशिक संघर्ष सवलती देऊन आणि मध्ये शांतिसेना उभी करून मिटतो काय, हा आजच्या विवेचनाचा प्रश्न आहे. केवळ तात्त्विक चर्चा न करता एका भूमीच्या आधारे तो तपासावा, असे मला वाटते. ती भूमी म्हणजे इजिप्त आणि इस्राएल यांच्यामधील सिनाईचे वाळवंट.

सुएझच्या युद्धानंतर नोव्हेंबर १९५६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी तेथे पहिली आणीबाणी सेना धाडली. तीत भारताचीही तुकडी होती. इस्राएलने या सेनेला आपल्या हद्दीत येऊ दिले नाही. त्यामुळे तिचे अस्तित्व सर्वस्वी इजिप्तच्या संमतीवर अवलंबून राहिले. साडेदहा वर्षे सीमा बहुतांशी शांत होती, परंतु मूळ वादाला कोणी हात घातला नाही. मे १९६७ मध्ये अध्यक्ष नासर यांनी सेना काढून घेण्यास सांगितले, सरचिटणीस ऊ थांट यांनी ते मान्य केले आणि ५ जूनला युद्ध पेटले. सेनेचे प्रमुख मेजर जनरल इंदरजीत रिखी हे भारतीय होते. गाझातून परतण्यापूर्वीच आपले काही जवान त्या युद्धात प्राणास मुकले. म्हणूनच हा प्रश्न मला परका वाटत नाही.

१९७३ च्या युद्धानंतर पुन्हा सेना आली. मात्र या वेळी तिच्या आडोशाने वाटाघाटी झाल्या. १९७४ व १९७५ च्या करारांनी सैन्ये टप्प्याटप्प्याने दूर झाली. पुढे १९७८ मध्ये कॅम्प डेव्हिड येथे समझोता झाला आणि २६ मार्च १९७९ रोजी शांतता करार झाला. इस्राएलने यामितसारखी वसाहत मोडून सिनाई परत देण्याचे मान्य केले. इजिप्तने इस्राएलला मान्यता दिली आणि सिनाईतील स्वतःच्या सैन्यावर मर्यादा स्वीकारली. सादात यांची १९८१ मध्ये हत्या झाली, तरी करार टिकला. २५ एप्रिल १९८२ रोजी माघार पूर्ण झाली. ‘ताबा’ या किनारी स्थळाचा उरलेला तंटाही लवादाने सोडवला आणि १९८९ मध्ये ते इजिप्तला मिळाले. कराराच्या पालनावर देखरेख ठेवणारी बहुराष्ट्रीय सेना आजही तेथे आहे.

या उलट सायप्रस पाहा. तेथील शांतिसेनेचे नेतृत्व करीत असताना आपले जनरल थिमय्या डिसेंबर १९६५ मध्ये निवर्तले. १९६४ पासून असलेली ती सेना १९७४ चे तुर्की आक्रमण थोपवू शकली नाही. त्यानंतर तिने दोन्ही बाजूंना दूर ठेवले आहे. तथापि सर्वमान्य तोडगा निघालेला नाही आणि बेट दुभंगलेलेच आहे.

तात्पर्य असे की, शांतिसेना अवधी मिळवून देते, निवाडा देत नाही. सवलतही परस्परांची, मोजता येणारी आणि भांडणाच्या मुळाशी भिडणारी असावी लागते. शिवाय ती ज्यांच्यात ठरते, त्यांच्यापुरताच तंटा मिटवते. कॅम्प डेव्हिडच्या चर्चेत पॅलेस्टिनी प्रतिनिधी नव्हते. त्यांच्या स्वायत्ततेचे कलम कागदावरच राहिले. सिनाई शांत झाले, पण त्याला लागून असलेला गाझा मात्र धुमसतच राहिला. यापुढे कोठेही शांतिसेना धाडल्याची वार्ता आपण वाचाल, तेव्हा तिच्या आडोशाने कोण कोणाशी बोलत आहे, हे अवश्य विचारावे, एवढीच माझी विनंती आहे.