शोस्ताकोविच कुठून ऐकायला घ्यावा?

मी हार्मोनियम शिकवते. चायकोव्हस्कीच्या पुढे रशियन संगीतात काय ऐकावं, असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं: दिमित्री शोस्ताकोविच (१९०६–१९७५). त्याच्या संगीताला अनेकजण बिचकतात. पण त्याच्या लोकप्रिय रचनांपासून सुरुवात केली, तर तो पहिल्याच बैठकीत आपलासा होतो.

आधी 'सेकंड वॉल्ट्झ' लावा. स्टॅन्ली कुब्रिकच्या 'आइज वाइड शट' (१९९९) या चित्रपटामुळे तो जगभर पोचला. तीन मात्रांचा ठेका सुरू होतो आणि सॅक्सोफोन चाल उचलतो. चाल लगेच ओठांवर बसते, ठेका पाय हलवतो. तरी कोमल गंधारामुळे तिच्यात एक हुरहुर राहते.

मग दुसरा पियानो कॉन्चेर्टो. मुलगा माक्सिम याच्यासाठी त्याने तो लिहिला आणि १० मे १९५७ रोजी, आपल्या एकोणिसाव्या वाढदिवशी, माक्सिमनेच तो मॉस्कोत प्रथम वाजवला. शेवटच्या भागात पियानो शिकणाऱ्यांचे रोजचे बोटांचे पलटे बापाने चक्क गुंफलेत! मधला संथ भाग मात्र निव्वळ माया आहे.

त्यानंतर पाचवी सिम्फनी. तिच्यामागे भीतीचा काळ आहे. जानेवारी १९३६मध्ये स्टालिनने त्याचा ऑपेरा पाहिला. दोनच दिवसांनी 'प्रावदा' या पक्षाच्या वृत्तपत्राने त्यावर झोड उठवली. त्या काळात माणसं रातोरात नाहीशी होत. शोस्ताकोविचने तालमीला लागलेली चौथी सिम्फनी मागे घेतली. २१ नोव्हेंबर १९३७ रोजी लेनिनग्राडमध्ये वाद्यवृंद-संचालक म्राविन्स्कीने पाचवी सादर केली. तिसऱ्या, संथ भागात श्रोते रडले आणि शेवटी टाळ्या थांबेनात. उघडपणे रडायची सोय नसलेल्या शहराला त्या संगीताने ती दिली, असं मला वाटतं.

आता पेटी पुढ्यात घ्या. पांढरी एकचा षड्ज धरून वाजवा: रे, कोमल ग, सा, मंद्र शुद्ध नी. जर्मन स्वरलिपीत हे स्वर त्याच्या नावाची आद्याक्षरं होतात. १९६०च्या आठव्या स्ट्रिंग क्वार्टेटची सुरुवात याच चार स्वरांनी होते. आधी चेलो, मग व्हायोला, मग दुसरं आणि पहिलं व्हायोलिन तीच स्वराकृती उचलतात. ड्रेस्डेनजवळच्या मुक्कामात त्याने हे क्वार्टेट तीन दिवसांत लिहिलं. अर्पणपत्रिका फॅसिझम आणि युद्धाच्या बळींना आहे, पण पानोपानी त्याची स्वतःची सही आहे.

यातली एकही रचना स्वस्त नाही. चाल सोपी ठेवून त्याने दुःख लपवलं नाही, ते सगळ्यांपर्यंत पोचवलं. म्हणून या रचनांना 'हलक्या' म्हणणं मला मान्य नाही. या क्रमाने ऐका. लांबलचक सिम्फन्यांची भीती मग उरत नाही.