रोल धुवायला देताना

बोरिवलीत किंवा मुलुंडमध्ये स्टेशनजवळच्या स्टुडिओत रोल दिला, की तो आतल्या खोलीतच धुतला जाईल असं आपण धरून चालतो. आता बहुधा तसं होत नाही. पाकिटावर नाव आणि नंबर लिहिला जातो, चार-सहा रोल साठले की ते लॅबकडे जातात. कधी दुसऱ्या उपनगरात, कधी कुरियरने दुसऱ्या शहरात. प्रिंट बिघडली तर दुसरी काढता येते. रोल मात्र एकदाच धुतला जातो.

रंगीत रोलची पद्धत सी-४१. त्यात डेव्हलपर ३७.८ अंश सेल्सिअसवर ३ मिनिटं १५ सेकंद चालतो आणि तापमान पाव अंशानेही हललेलं चालत नाही. डेव्हलपरमुळे फिल्मवर चांदी आणि रंग दोन्ही तयार होतात. मग ब्लीच त्या चांदीचा पुन्हा क्षार करतं, फिक्सर तो विरघळवून टाकतो आणि मागे फक्त रंग उरतो. नेहमीच्या कृष्णधवल रोलमध्ये रंग नसतोच, चांदी हेच चित्र. असा रोल चुकून रंगीत मशीनमध्ये गेला तर सगळंच धुऊन जातं. (इलफर्डचा एक्सपी-२ याला अपवाद, तो सी-४१ साठीच बनवलेला आहे.)

माझा एक कृष्णधवल रोल असाच कोरा परत आला. ‘कॅमेऱ्यात फिल्म सरकलीच नसेल,’ असं मला काउंटरवर सांगितलं गेलं. मी ते मान्य करून घरी आलो. तेव्हा फिल्मची कड वाचायला शिकलो असतो तर बरं झालं असतं.

फिल्मच्या कडेला कंपनीचं नाव आणि फ्रेमचे आकडे असतात. ते कारखान्यातच प्रकाशाने उमटवलेले असतात, पण धुतल्यावरच दिसतात. चित्रं नाहीत आणि आकडे ठळक आहेत, तर धुलाई ठीक झाली, चूक कॅमेऱ्याची किंवा आपली. आकडेही गायब असतील तर बिघाड धुलाईत झाला. माझ्या रोलवर एकही आकडा नव्हता.

मुंबईत आणखी एक धोका आहे. सिनेमाच्या शूटिंगची उरलेली फिल्म छोट्या डब्यांत भरून विकली जाते. तिच्या पाठीवर बहुधा रेमजेट नावाचा काळा कार्बनचा थर असतो. साध्या मशीनमध्ये तो सुटतो, रसायनात मिसळतो आणि मागून येणाऱ्या अनोळखी लोकांचे रोलही खराब करतो. म्हणून अशी फिल्म देताना तसं स्पष्ट सांगा.

कृष्णधवल रोल घरी धुणं अवघड नाही. फक्त उन्हाळ्यात आपल्या नळाचं पाणी तिशीच्या आसपास असतं आणि डेव्हलपरला साधारण २० अंश लागतात. बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवा, थर्मामीटर लावा.

बाहेर देणार असाल तर डबीवरच ठळक लिहा: रंगीत की कृष्णधवल, कोणती पद्धत. महत्त्वाच्या प्रसंगाचे सगळे रोल एका खेपेत देऊ नका. आधी एक द्या, तो नीट आला की बाकीचे. आणि स्कॅन मेलवर आले तरी निगेटिव्ह मागून घ्या, काउंटरवरच उजेडात धरून कड तपासा.