गोंदलेला हात आणि नोकरीचे दार

केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत शिपाई होऊ इच्छिणाऱ्या तरुणाने डाव्या हाताच्या आतल्या बाजूवर आईचे नाव गोंदून घेतले असेल, तर त्याला हरकत घेतली जात नाही. तेच नाव, त्याच आकारात, उजव्या हातावर असेल तर मात्र तो अपात्र ठरतो. कारण उजवा हात हा सलामी देण्याचा हात आहे. लेखी परीक्षेत हा तरुण उत्तीर्ण झालेला असतो, धावण्यात टिकलेला असतो, त्याची उंची आणि छाती नियमात बसलेली असते. आणि मग वैद्यकीय तपासणीच्या टेबलापाशी त्याला कळते की, आपले नशीब जत्रेतल्या सुईने काही वर्षांपूर्वीच लिहून ठेवले आहे. ही गोष्ट हसण्यावारी नेता येण्याजोगी नाही. ज्या घरातून असा मुलगा भरतीला जातो, त्या घराच्या पुढच्या तीस वर्षांचा प्रश्न त्या हातावर अवलंबून असतो.

या नियमाला तीन कसोट्या आहेत. गोंदण कशाचे आहे, ते कोठे आहे आणि ते केवढे आहे. पहिल्या कसोटीबाबत नियम उदार आहे. आपला देश धर्मनिरपेक्ष असल्याने देशवासीयांच्या धार्मिक भावनांचा आदर राखावा आणि म्हणून धार्मिक चिन्हे व नावे चालवून घ्यावीत, असे त्यात स्पष्टच म्हटले आहे. दुसऱ्या कसोटीनुसार जागा पारंपरिक हवी, म्हणजे हाताची आतली बाजू किंवा पंजाची पाठ. पण आतली बाजू फक्त डाव्या हाताची. तिसरी कसोटी अशी की, शरीराच्या त्या भागाचा पाव हिस्सा गोंदणाने व्यापलेला नसावा. भूदल व हवाई दल यांचे नियम थोड्या फरकाने याच धर्तीचे आहेत, आणि परंपरेने गोंदून घेणाऱ्या आदिवासींना तेथे विशेष सवलत आहे.

असा नियम असूच नये, असे म्हणणे सोपे आहे. पण ते बरोबर नाही. गणवेश अंगावर चढला की माणूस केवळ स्वतःपुरता उरत नाही. दंगलीच्या वेळी गल्लीत उभ्या असलेल्या शिपायाच्या मनगटावर एखाद्या जातीचा जयघोष किंवा पक्षाचे चिन्ह दिसले, तर समोरच्या नागरिकाने त्याच्या निःपक्षपातीपणावर कोणत्या आधारे विश्वास ठेवावा? अश्लील चित्र मिरवणाऱ्या हाताकडून तक्रार लिहून घेताना एखाद्या स्त्रीला काय वाटेल? नोकरी देणाऱ्याला अशा गोष्टींचा विचार करण्याचा अधिकार आहे. प्रश्न तो अधिकार मान्य करण्याचा नसून, तो कोणत्या तर्काने वापरला जातो याचा आहे. वरील दोन्ही उदाहरणांत दोष मजकुराचा आहे, हाताचा नव्हे. आक्षेपार्ह मजकूर डाव्या हातावरही आक्षेपार्हच राहतो, आणि आईचे नाव उजव्या हातावर आल्याने बाटत नाही.

महाराष्ट्राला गोंदण नवे नाही. कपाळावरचा हिरवा ठिपका, हनुवटीवरची टिकली, हातावरचे तुळशीवृंदावन, मनगटापाशी देवाचे किंवा भावाचे नाव ही आपल्या आज्या-पणज्यांची लेणी होती. मेल्यानंतर सोन्याचे दागिने काढून घेतात, गोंदण तेवढे बरोबर येते, ही श्रद्धा त्यामागे होती. ही चाल आदिवासी पाड्यांपुरतीही नव्हती; शेतकरी, धनगर, कारागीर अशा कितीतरी घरांत ती होती. म्हणूनच आदिवासींना दिलेली सवलत योग्य असली तरी अपुरी आहे. ज्या परंपरेचा शासन आदर करू पाहते, ती अनुसूचित जमातींच्या यादीशी संपत नाही.

त्याचबरोबर गोंदणाचा दुसरा इतिहासही विसरता येत नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलात बंगालमध्ये १७९७ च्या कायद्याने खोटी साक्ष आणि बनावट दस्तऐवज यांसारख्या गुन्ह्यांसाठी गुन्हेगाराच्या कपाळावर त्याचा अपराध गोंदला जाई. जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळीही तीच खूण येई. ही शिक्षा १८४९ साली रद्द झाली. म्हणजे एकाच सुईने एकीकडे सौभाग्य लिहिले आणि दुसरीकडे कलंक. आज वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हाती जो तक्ता असतो, त्यात हा भेद करायला फारशी जागा नाही. तो जागा पाहतो, आकार मोजतो आणि 'अपात्र' असा शेरा लिहितो.

हा शेरा कोणाच्या वाट्याला येतो, हेही पाहिले पाहिजे. शहरातल्या सुखवस्तू घरातला मुलगा वातानुकूलित दुकानात हजारो रुपये मोजून दंडावर नक्षी काढून घेतो, आणि पुढे जाहिरात संस्थेत किंवा चित्रपट व्यवसायात तीच त्याची शोभा ठरते. खेड्यातला मुलगा चौदाव्या-पंधराव्या वर्षी यात्रेत, मित्रांच्या आग्रहाने, खिशातल्या थोड्या पैशांत नाव गोंदून घेतो. त्या वयात त्याला भरतीचा नियम ठाऊक नसतो आणि कोणी सांगतही नाही. पुढे ते काढायचे म्हटले तर लेसरचा उपचार आहे. पण त्याच्या अनेक खेपा कराव्या लागतात, दोन खेपांत काही आठवड्यांचे अंतर ठेवावे लागते, खर्च होतो तो वेगळाच, आणि एवढे करून कातडीवर फिकट खूण राहू शकते. भरतीचे वय मात्र त्याच्यासाठी थांबत नाही.

अशा तरुणांपैकी काहीजण न्यायालयात गेले. औद्योगिक सुरक्षा दलाने उजव्या हातावरील धार्मिक गोंदणामुळे नाकारलेल्या एका उमेदवाराला २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयाने दिलासा दिला. त्याच वर्षी हवाई दलाने गोंदणाच्या कारणावरून नाकारलेल्या दुसऱ्या एका तरुणाच्या बाबतीत दिल्ली उच्च न्यायालयाने हवाई दलाचा निर्णय उचलून धरला. पुढे २०२२ साली दिल्लीतच एका उमेदवाराला गोंदण काढून पुन्हा तपासणीला सामोरे जाण्याची संधी मिळाली. प्रत्येक प्रकरणाची वस्तुस्थिती वेगळी असते, हे खरे. पण शिपायाची नोकरी मिळवण्यासाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागणे, हे नियमाच्या सुस्पष्टतेचे लक्षण नव्हे. शिवाय जो वकील करू शकला त्याचेच नाव निकालपत्रात येते. बाकीचे मुकाट्याने गावी परततात.

नोकरीत असलेलेही यातून सुटलेले नाहीत. २०२४ च्या फेब्रुवारीत भुवनेश्वर येथील विशेष सुरक्षा बटालियनच्या जवानांना, गणवेशात दिसणारी गोंदणे १५ दिवसांत काढून टाका, असा आदेश देण्यात आला. लेसरच्या दोन खेपांमध्येच जेथे कित्येक आठवडे जातात, तेथे १५ दिवसांची मुदत कोणत्या वैद्यकीय सल्ल्याने ठरली असेल?

तरी एवढे मानले पाहिजे की, या दलांचे नियम निदान लिहिलेले आहेत. खाजगी क्षेत्रात बहुधा तेवढेही नसते. हॉटेल, दुकान, खाजगी शाळा, रुग्णालय यांच्या मुलाखतीत उमेदवाराच्या मनगटाकडे एक नजर जाते आणि 'कळवतो' एवढेच उत्तर मिळते. लिखित नियमाविरुद्ध दाद मागता येते. नजरेविरुद्ध कोठे मागणार?

इतर देशांनाही हा प्रश्न सुटलेला नाही. तरी त्यांचे अनुभव उपयोगी आहेत. न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांची गोंदणे त्यांची वंशपरंपरा सांगतात. तरीही त्या देशाची विमान कंपनी, एअर न्यूझीलंड, गणवेशधारी कर्मचाऱ्यांच्या अंगावर ती दिसू देत नसे. सप्टेंबर २०१९ पासून तिने हे बंधन उठवले. आक्षेपार्ह मजकुरावरील बंदी तेवढी कायम ठेवली. अमेरिकेच्या लष्कराने २०२२ साली हाताच्या पंजावर आणि मानेच्या मागे लहान गोंदणास परवानगी दिली; चेहऱ्यावर नाही. याउलट जपानमध्ये गोंदणाचा संबंध गुन्हेगारी टोळ्यांशी जोडला जातो. तेथे ओसाका महापालिकेने २०१२ साली कर्मचाऱ्यांकडून अंगावरच्या गोंदणांची लेखी माहिती मागवली आणि ती देण्यास नकार देणाऱ्यांवर कारवाई केली. पहिल्या दोन उदाहरणांत मालकाने सवलत देऊनही स्वतःची मर्यादा राखली. तिसऱ्यात तो कर्मचाऱ्याच्या सदऱ्याच्या आत शिरला.

आपल्याकडे करण्याजोगे उपाय अवघड नाहीत. आक्षेप मजकुरावर घ्यावा. जात, द्वेष, अश्लीलता आणि पक्षप्रचार यांना थारा देऊ नये, पण निरुपद्रवी नावासाठी डावा-उजवा हा भेद करू नये. गोंदणाची तपासणी भरतीच्या शेवटच्या पायरीवर न करता पहिल्या पायरीवर करावी, म्हणजे वर्ष-दोन वर्षांचे कष्ट मातीत जाणार नाहीत. काढून टाकण्याजोगे गोंदण असेल, तर त्यासाठी पुरेशी मुदत द्यावी. आणि हा नियम आठवी-नववीच्या वर्गात, भरतीची स्वप्ने पाहणाऱ्या मुलांपर्यंत पोचवावा. हे काम शिक्षकांनी मनावर घेतले तर एका तासाचे आहे. जत्रेच्या आधीचा एक तास.

सलामी हा शिस्तीचा आणि निष्ठेचा आविष्कार आहे. तो हात कपाळापाशी किती ताठ येतो, आणि वेळ येईल तेव्हा कोणासाठी पुढे होतो, हे पाहणे दलाचे कर्तव्य आहे. त्या हातावर आईचे नाव असल्याने तो लटपटेल, असे मानण्यास आजवर कोणी कारण दाखवलेले नाही.